थर्माकोलचा नमुना विरघळला

प्रश्न : फायबरग्लासच्या साच्यासाठी थर्माकोलचा नमुना कोरला. पॉलिएस्टर रेझिन लावताच तो विरघळला. गुळगुळीत पृष्ठभाग कसा मिळेल?

उत्तर : पॉलिएस्टरमधलं स्टायरीन थर्माकोल खातंच. आधी इपॉक्सी लावा, त्याने काही होत नाही. मी इपॉक्सीत मायक्रोबलून (अतिसूक्ष्म पोकळ गोळ्यांची हलकी पूड) कालवून लोण्यासारखी लांबी (पुट्टी) करते आणि दाबून भरते. सुईच्या टोकाएवढं छिद्र राहिलं, तरी प्रायमरमधला थिनर आत शिरून थर्माकोल पोखरतो. वाळल्यावर ८० नंबरचा पॉलिशपेपर लांब ठोकळ्याला लावून घासा. नुसत्या बोटांनी नको, चर पडतात. मग प्रायमर, त्यावर काळ्या स्प्रेचा पुसट हात. घासल्यावर काळं उरेल तिथे खड्डा. तिथेच पुन्हा लांबी. इथे घाई करू नका, साचा प्रत्येक ओरखडा उचलतो. शेवटी ४०० ते १२०० नंबरच्या पेपरने पाण्यात घासून मेणाचे थर.