अपडेट मारल्यावर मशीन जास्त खोल बघतं का?

प्रश्न : माझा साळा ऑस्ट्रेलियात असतो, दिवाळीला येताना मेटल डिटेक्टर आणतो म्हणतोय. काटोल रोडला आमची संत्र्याची बाग आहे, तिथं दोन वर्षांआधी मिसेसची सोन्याची अंगठी पडली, तेव्हापासून घरात तोच विषय. साळा म्हणतो अपडेट होणारं महागडं मॉडेलच घ्या, आज नाही सापडली तर पुढच्या अपडेटनंतर सापडेल. साधं मॉडेल निम्म्या किमतीत येतं. काय करू?

उत्तर : भाऊ, साळेबुवांचं अर्धं बरोबर आहे, पण ज्या अर्ध्यासाठी तुम्ही पैसे मोजणार ते नेमकं चुकीचं अर्धं आहे.

आधी मशीन काय करतं ते बघा. खालची गोल कॉइल जमिनीत चुंबकीय लहरी सोडते, धातू असला की त्यात छोटे करंट फिरतात, त्यांचा उलटा सिग्नल कॉइलला परत मिळतो. तो किती जोरात आला अन् किती उशिरा आला यावरून मशीन ठरवतं लोखंड की आणखी काही. लहर सोडणं अन् ऐकणं हे कॉइल आणि सर्किटचं काम, ऐकलेल्याचा अर्थ लावणं हे सॉफ्टवेअरचं. अपडेट येतं ते या अर्थ लावण्याला.

म्हणून "अपडेटनंतर इतके टक्के जास्त खोल" असं कोणी म्हणालं तर मी तिथंच हात जोडतो. लहान वस्तूचा सिग्नल अंतराच्या साधारण सहाव्या घाताने पडतो, म्हणजे अंतर दुप्पट झालं की सिग्नल चौसष्ट पटीनं कमी. उलट हिशेब केला तर मशीनची ताकद दुप्पट केली तरी खोली वाढते जेमतेम 12 टक्के, आणि 30 टक्के पाहिजे असेल तर सिग्नल जवळपास पावणेपाच पट लागतो, तो यूएसबीच्या वायरमधून कुठून येणार राजेहो.

मग अपडेटचा उपयोगच नाही का? आहे ना, अन् चांगला आहे. मिनलॅब कंपनीचं इक्विनॉक्स हे मशीन 2018 मधे बाजारात आलं, नंतरच्या अपडेटमधे त्याला आयर्न बायसची (म्हणजे शंका असलेला सिग्नल लोखंड धरायचा की नाही याची) नवी सेटिंग मिळाली, त्यामुळे सोडा-बियरच्या बाटलीची लोखंडी झाकणं चांगला धातू असल्याचं नाटक करायची ते बरंच कमी झालं. ज्यानं तासभर झाकणंच खणली आहेत त्याला याची किंमत कळेल. फ्रान्सच्या एक्सपी कंपनीच्या ड्यूस मशीनला सॉफ्टवेअरचं व्हर्जन 4 आलं तेव्हा नवीन हाय फ्रिक्वेन्सी कॉइल चालायला लागली, म्हणजे जुनंच मशीन पण बारीक सोन्यासाठी कॉइल नवी, हा खरा फायदा. पण कॉइल वेगळी विकत घ्यावी लागली हे विसरू नका.

आता तुमची अंगठी. सिग्नलवरून मशीन स्क्रीनवर एक नंबर दाखवतं. बारीक सोन्याचा नंबर अन् गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाच्या ॲल्युमिनियमचा नंबर स्क्रीनवर बरेचदा एकच येतो, आकार आणि वाहकता जुळली की मशीनला दोघं भाऊच दिसतात, कुठलंच अपडेट ते सोडवत नाही, खणावंच लागतं. त्यात आपली काळी माती बेसाल्टची, लोहाचे कण भरपूर, त्यामुळे ग्राउंड बॅलन्स (मातीचा स्वतःचा सिग्नल बाजूला काढणं) नीट जमणारं मशीन पाहिजे, ते अपडेट होतं की नाही नंतर बघा. आणि बागेत किती नांगरलं, डवरलं? अंगठी वीत-दीड वीत खाली गेली असेल तर महागड्यालाही घाम फुटेल. माझं मत विचाराल तर साधं पण ग्राउंड बॅलन्सवालं घ्या, किंवा साळेबुवांकडूनच पंधरा दिवस उसनं घ्या!

प्रश्न : अपडेट करताना लाइट गेली, आता हेडफोन लागतो पण कॉइल रिमोटला (दांड्यावरच्या स्क्रीनच्या डबीला) जुळत नाही. मशीन गेलं का? — एक वाचक, महाल

उत्तर : बहुतेक गेलं नाही. वायरलेस मशीनमधे कॉइल, रिमोट, हेडफोन तिघांचंही सॉफ्टवेअर वेगवेगळं अपडेट करावं लागतं, तुमचे दोन पुढं गेले अन् कॉइल मागंच राहिली असं दिसतंय. पूर्ण चार्ज करा, लॅपटॉपवर (बॅटरी असते म्हणून, लाइटीचा काय भरवसा) कंपनीच्याच साइटवरचा प्रोग्राम घेऊन कॉइल परत एकदा अपडेट करा. केबल मशीनसोबत आलेलीच वापरा, घरातल्या मोबाइलच्या काही वायरी फक्त चार्जिंगच्या असतात, त्यातून डेटा जातच नाही, मी स्वतः अर्धा दिवस घालवलाय त्याच्यात. जुनी सेटिंग आधी कागदावर लिहून ठेवा, अपडेटमधे माझे सगळे प्रोग्राम उडाले होते. आणि जुनं व्हर्जन आवडत असेल तर परत जाता येतं का हे आधीच पाहून ठेवा, ड्यूसमधे ती सोय होती, सगळ्यात नसते.

प्रश्न : जुनापाणीच्या दगडांच्या वर्तुळाजवळ किंवा मनसरला मशीन फिरवलं तर चालतं का?

उत्तर : नाही. दोन्ही ठिकाणं पुरातत्त्व खात्याची संरक्षित आहेत, प्राचीन स्मारकांचा 1958 चा कायदा लागू आहे, तिथं परवान्याशिवाय खणायचं नसतं. स्वतःच्या शेतात जरी पुरलेला ऐवज निघाला तरी 1878 चा कायदा अजून आहे, दहा रुपयांवरचं काही सापडलं की कलेक्टरला कळवायचं. अन् गंमत बघा, विदर्भातल्या या शिळावर्तुळांमधे निघतात त्या कितीतरी वस्तू लोखंडाच्या, कुऱ्हाडी, छिन्न्या, खंजीर. तुमचं मशीन तर सगळ्यात आधी लोखंडालाच नको म्हणून वगळतं.