चादर कोणती घालायची, हे कोण ठरवणार?

प्रिय मुली,

काल रात्री पावणेबाराला तुझा मेसेज आला, ‘ताई, ही सुट्टी एकदाची संपू दे असं झालंय.’ सुट्टी सुरू व्हायलाच अजून आठ दिवस आहेत! तुझी ती ओळ मनातून जाईना, म्हणून सकाळी उठल्यावर आधी हे लिहायला बसले.

कामाने दमलीस असं तुला वाटतंय. मला तसं वाटत नाही. ऑफिसात तू वर्षभर याहून जास्त कामं उरकतेस. सणासुदीच्या दिवसांत फरक पडतो तो डोक्यात चोवीस तास चालू असणाऱ्या यादीमुळे. कोण कधी येणार, कुणाला काय चालत नाही, कुणाला फोन करायचा राहिला, मुलाला मागच्या वर्षीचे कपडे होतात का. हात दुसऱ्याच कामात असतात आणि आत यादी सुरूच.

ॲलिसन डॅमिंजर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी ३५ जोडप्यांशी सविस्तर बोलून २०१९ मध्ये एक शोधनिबंध लिहिला. घर चालवण्यातल्या विचाराच्या कामाचे त्यांनी चार भाग पाडले: काय लागेल याचा आधीच अंदाज घेणं, पर्याय शोधणं, निर्णय घेणं, आणि ठरलेलं पार पडतंय ना यावर लक्ष ठेवणं. निर्णय बहुतेक घरांत दोघं मिळून घेत होते. पहिला आणि शेवटचा भाग मात्र जास्त करून बायकांकडेच होता. हे वाचताना मी मान डोलावत होते. कारण हे दोन भाग कुणाला दिसत नाहीत, आणि दिसत नाहीत म्हणून ‘मी करू का?’ असं विचारायलाही कुणी येत नाही.

यात माझीही चूक होती, ती तुला सांगते. एका वर्षी पाहुण्यांच्या अंथरुणांचं काम मी नवऱ्यावर सोपवलं. त्याने मनापासून केलं. हिरवी चादर, निळे अभ्रे, एक उशी तर उलट्याच अभ्र्यात. रात्री सगळे गप्पा मारत बसले होते तेव्हा मी गुपचूप आत जाऊन सगळं बदललं. त्याने पाहिलं, बोलला काहीच नाही. पुढच्या वर्षी कपाटापुढे उभा राहून मला हाक मारली, ‘कोणती चादर घालू?’ घालणार तोच होता, पण विचार पुन्हा माझ्याकडे आला होता. तो मीच ओढून घेतला होता.

म्हणून काम द्यायचं तर अख्खं दे. ‘भाजी आणशील का’ असं नको. ‘शनिवारचं जेवण तुझ्याकडे’ असं. काय करायचं, काय संपलंय, कधी आणायचं, सगळं त्याचं. मग त्यात डोकावू नकोस. निळा अभ्रा तसाच राहू दे. पहिल्या खेपेला जीव वरखाली होईल, ते सहन कर. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१८ च्या अहवालानुसार जगभरातल्या घरकामाचा आणि सेवा-शुश्रूषेचा बिनपगारी भारातला ७६.२ टक्के वाटा वेळेच्या हिशेबाने बायकाच उचलतात. तेव्हा तुला जड होतंय यात तुझं काही कमी पडत नाहीये. हे मनात पक्कं धर.

जे तुझ्याकडेच उरेल ते कागदावर उतरव, पण नुसती नावं नकोत. ‘आत्याला फोन’ एवढंच लिहिलंस तर ते टोचतच राहील. ‘गुरुवारी ऑफिसातून निघताना आत्याला फोन’ असं लिही. मॅसिकँपो आणि बाउमाइस्टर या मानसशास्त्रज्ञांच्या २०११ च्या प्रयोगांत हेच दिसलं होतं: काम अपुरं असलं तरी ते कधी आणि कसं करायचं हे नेमकं ठरवलं की त्याचे विचार मध्ये मध्ये सतावायचे थांबतात. मी झोपायच्या तासभर आधी लिहिते आणि वही स्वयंपाकघरात ठेवून येते. उशाशी नाही.

आणखी एक. शेवटच्या दिवशी रात्रीपर्यंत ऑफिस करून सकाळी थेट सुट्टीत उडी मारू नकोस. सुट्टी लागली की आजारी पडणाऱ्या माणसांचा ॲड विंगरहूट्स या डच मानसशास्त्रज्ञाने २००२ मध्ये अभ्यास केला होता. कामाचा जास्त ताण आणि कामातून मन काढून घेता न येणं यामुळे हे होतं, असं त्या लोकांचं स्वतःचं सांगणं होतं. जमलं तर अर्धा दिवस रजा आधीच टाक आणि त्या अर्ध्या दिवसात घरचंही काही काढू नकोस.

आता आनंदाचं. या सगळ्या दिवसांत तुला स्वतःला काय हवंय? तू काय काय करणार आहेस ते पाठ आहे तुला, पण हे कुणी विचारलंच नसेल. माझ्यापुरतं सांगते. मला मावसबहिणीबरोबर पत्ते खेळायचे असतात. ‘आधी भांडी’ म्हणता म्हणता आमची कित्येक वर्षं गेली. शेवटी एका दुपारी भांडी तशीच ठेवून बसलो. पहिले दोन डाव माझं सगळं लक्ष सिंककडे. तिसऱ्या डावात तिने लबाडी केली आणि मी अशी चिडले की विचारू नकोस! भांड्यांची आठवण आली ती थेट दिवेलागणीला.

तुझे पत्ते कुठले, ते शोध आणि त्याची वेळ आधी ठरव. बाकीची कामं तिच्या आजूबाजूला बसव.

हे सगळं करूनही झोप येत नसेल, कशातच मन लागत नसेल आणि दोन आठवडे तसंच चाललं असेल, तर सण संपायची वाट न बघता डॉक्टरांना दाखव. मी येईन सोबत.

रविवारी फोन करते. शनिवारचं जेवण कुणाकडे दिलंस ते सांग.

तुझी,
ताई