उबुंटूचे पार्टिशन काढल्यावर संगणक 'ग्रब रेस्क्यू'वर अडकतो: उत्तर

नमस्कार. तुमच्या दहा वर्षे जुन्या लॅपटॉपवर विंडोज 10 आणि उबुंटू या दोन ऑपरेटिंग सिस्टिम शेजारी शेजारी होत्या, जागा अपुरी पडू लागल्याने तुम्ही विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून उबुंटूचे 60 जीबीचे पार्टिशन (डिस्कचा वेगळा केलेला भाग) डिलीट केले, आणि आता चालू करताच काळ्या पडद्यावर 'नो सच पार्टिशन' व त्याखाली 'ग्रब रेस्क्यू' एवढेच उमटते. दुकानदार फॉरमॅट करा म्हणतो. कृपया करू नका. तुमच्या वर्णनावरून विंडोज आणि मुलीच्या प्रबंधाच्या फाइली जागच्या जागी असाव्यात. मोडली आहे ती त्यांच्यापर्यंत नेणारी वाट.

जुन्या पद्धतीच्या बायॉसमध्ये (संगणक चालू करणाऱ्या, त्यातच बसवलेल्या मूळ प्रोग्राममध्ये) संगणक सुरू होताना डिस्कचा अगदी पहिला सेक्टर वाचला जातो. तो अवघा 512 बाइटांचा असतो: 446 बाइट सुरुवातीच्या प्रोग्रामसाठी, 64 बाइट चार पार्टिशनांच्या तक्त्यासाठी आणि शेवटचे दोन खुणेसाठी. उबुंटू बसवताना त्या 446 बाइटांत ग्रबने, म्हणजे उबुंटू की विंडोज हे विचारून ते सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामने, आपले पाऊल रोवले. परंतु त्याचा मेनू आणि बाकीचे भाग एवढ्या जागेत मावत नसल्याने ते उबुंटूच्या पार्टिशनमध्ये राहिले. तुम्ही ते पार्टिशन काढलेत, पण पहिल्या सेक्टरमधला ग्रब तसाच राहिला. तो आता आपले उरलेले भाग शोधतो, ते सापडत नाहीत, आणि तो तिथेच थांबतो. विंडोजला हाक मारण्याची पाळीच येत नाही.

दुरुस्तीला हात घालण्याआधी फाइलींची प्रत काढा, ही माझी आग्रहाची विनंती आहे. उबुंटू बसवताना वापरलेला पेन ड्राइव्ह लावून 'ट्राय उबुंटू' निवडा, फाइल मॅनेजरमधून विंडोजचे पार्टिशन उघडा आणि प्रबंधाचे फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. फास्ट स्टार्टअपमुळे (विंडोज पूर्ण बंद न करता अर्धवट झोपवणाऱ्या सोयीमुळे) ते पार्टिशन फक्त वाचण्यापुरतेच उघडले, तरी चिंता नको. प्रत काढायला तेवढे पुरते. माझ्या एका स्नेह्यांच्या संगणकावर हाच संदेश आला असताना दुरुस्ती करणाऱ्याने थेट फॉरमॅट केले आणि त्यांचे सहा वर्षांचे हिशेब गेले. हे अर्ध्या तासाचे काम तेव्हा कुणी केले असते, तर ते वाचले असते.

त्यानंतर दुसऱ्या संगणकावर, किमान 8 जीबीच्या पेन ड्राइव्हवर, विंडोज 10 चा इन्स्टॉलर तयार करा. त्यावरून सुरू केल्यावर भाषेच्या पुढच्या पडद्यावर मधोमध 'इन्स्टॉल नाऊ' दिसेल. त्याला हात न लावता खाली डाव्या कोपऱ्यातील 'रिपेअर युवर कॉम्प्युटर' निवडा, मग 'ट्रबलशूट' आणि कमांड प्रॉम्प्ट. तिथे 'बूटरेक' हा शब्द, एक जागा सोडून पुढे झुकलेली तिरकी रेघ, आणि रेघेला चिकटून 'फिक्सएमबीआर' असे इंग्रजी अक्षरांत टाइप करून एंटर दाबा. ही आज्ञा पहिल्या सेक्टरमधील प्रोग्राम तेवढा बदलते. पार्टिशनांच्या तक्त्याला ती हात लावत नाही. पेन ड्राइव्ह काढून संगणक पुन्हा सुरू केल्यावर विंडोज उघडायला हवे.

मात्र त्याआधी एक खातरजमा करा. सुरू होताना बूट मेनू उघडल्यावर त्यात 'विंडोज बूट मॅनेजर' अशी नोंद दिसली, तर तुमचा संगणक यूईएफआय (बायॉसची जागा घेणाऱ्या नव्या) पद्धतीचा आहे आणि वरची आज्ञा तिथे निरुपयोगी ठरेल. अशा वेळी तीच नोंद निवडा. विंडोज सुरू झाल्यास संगणकाच्या यूईएफआय सेटअपमध्ये जाऊन तिला क्रमात सर्वांत वर ठेवा.

रिकाम्या झालेल्या 60 जीबीबद्दल: उबुंटूमध्ये तुमचे काही महत्त्वाचे राहिले असेल, तर त्या जागेवर नवे पार्टिशन करू नका आणि सी ड्राइव्हही तिकडे वाढवू नका. पार्टिशन डिलीट केल्याने तक्त्यातील नोंद जाते, आतला मजकूर लगेच पुसला जात नाही, आणि टेस्टडिस्कसारखा प्रोग्राम ती नोंद बहुधा पुन्हा उभी करू शकतो. फिक्सएमबीआरनंतरही पडद्यावर काही संदेश आला, तर त्याचे शब्द जसेच्या तसे इथे लिहा. पुढची पायरी त्या शब्दांवरच ठरेल.