लपवलेला पेपर आणि एक वजाबाकी

घटक चाचणीचे पेपर घरी आले, की माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या पालकांचे वाक्य जवळपास ठरलेले असते : "मॅडम, त्याला येतं हो सगळं, पण वेड्यासारख्या चुका करतो आणि विचारलं की लपवतो." पाचवी-आठवीच्या वार्षिक परीक्षेत आणि नंतरच्या पुनर्परीक्षेतही जमले नाही, तर मुलाला त्याच वर्गात ठेवण्याची तरतूद महाराष्ट्रात २०२३ मध्ये आली. तेव्हापासून हेच वाक्य अधिक धास्तावलेल्या आवाजात ऐकू येते.

कर्वेनगरचा अथर्व (नाव बदलले आहे) पाचवीत होता. वीसपैकी नऊ गुणांचा गणिताचा पेपर आईला त्याच्या डब्याच्या पिशवीत, बारीक घडी घातलेला सापडला. वहीत उत्तरांच्या जागी खोडरबर इतका घासलेला, की कागद पातळ होऊन दोन ठिकाणी भोक पडले होते. "चौथीपर्यंत सगळे याला हुशार म्हणायचे," असे आई म्हणाल्या, तेव्हा तो खुर्चीत आणखी आक्रसला. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांचे १९९८ चे संशोधन पाचवीच्याच मुलांवर होते. 'हुशार आहेस' अशी शाबासकी मिळालेल्या मुलांनी पुढे आपले कमी गुण सांगताना, मेहनतीचे कौतुक झालेल्या मुलांपेक्षा अधिक प्रमाणात ते वाढवून सांगितले. हुशारीचे बिरूद सांभाळायचे असेल, तर पेपर लपवण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

पहिल्या काही भेटी गप्पांतच गेल्या. मग एकदा मी कागदावर ५००३ वजा १७६८ असे लिहिले. त्याने भराभर ४७६५ हे उत्तर काढले आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहून लगेच खोडरबर उचलला.

"खोडू नकोस. हे उत्तर कसं आलं ते मला शिकव."

"आठातून तीन गेले पाच, सहातून शून्य गेला सहा, सातातून शून्य गेला सात, पाचातून एक गेला चार."

"म्हणजे वरचा आकडा लहान असला, की तू खालच्यातून वरचा वजा करतोस?"

"हो. मोठ्यातूनच लहान जातो ना, ताई!"

मला त्या क्षणी झालेला आनंद मी लपवला नाही. ज्याला वर्षभर निष्काळजी म्हटले गेले, तो मुलगा प्रत्येक उदाहरणात एकच नियम काटेकोरपणे पाळत होता. फक्त तो नियम चुकीचा होता. मी त्याला एवढेच सांगितले, आणि ४७६५ मध्ये १७६८ मिळवून पाहायला लावले. उत्तर ६५३३ आले. मग हजाराची एक नोट मोडून नऊ शंभराच्या, नऊ दहाच्या आणि दहा सुटे असा हिशेब मांडल्यावर ३२३५ पर्यंत तो स्वतःच पोहोचला. थोडा वेळ गप्प राहून त्याने विचारले, "मग पेपरातली पण त्याच नियमाने चुकलीत का?" आणि आईच्या पर्समधून तोच पेपर मागून घेऊन, तशी चुकलेली उदाहरणे पेन्सिलने गोल करू लागला.

मी समुपदेशनाच्या ज्या विवेकनिष्ठ पद्धतीने, म्हणजे भावनांमागचे अविवेकी विचार तपासून बदलण्याच्या पद्धतीने काम करते, तिचे प्रवर्तक मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांचा आग्रह असे, की मूल्यमापन कृतीचे करावे, माणसाचे नव्हे. मुलांच्या बाबतीत हे उपदेशाने साधत नाही, असे माझे ठाम मत आहे. चुकीचा नियम हाती लागला, की 'मी ढ आहे' हा निष्कर्ष मुलाला आपोआप अनावश्यक वाटू लागतो.

म्हणून पालकांना मी सांगते, की पेपर हाती आल्यावर एकूण गुणांवर बोलण्याआधी दोन उत्तरे निवडा आणि 'हे कसं काढलंस?' असे विचारा. त्यांतले एक उत्तर बरोबर असलेले घ्या. नाहीतर हा प्रश्न म्हणजे चुकल्याची खूण, हे मूल चटकन ओळखते. खोडरबराऐवजी एक रेघ मारायला शिकवा, म्हणजे चूक वाचता येईल अशी राहील. 'शेजारच्या आर्याला किती?' हा प्रश्न मात्र, विशेषतः सोसायटीच्या लिफ्टमध्ये, कृपा करून गिळून टाका.

मुलाच्या चुकांत असा नियम सापडतच नसेल, किंवा समजून घेतलेले दोन दिवसांत पुन्हा पुसले जात असेल आणि वाचन-लेखनातही तीच अडचण दिसत असेल, तर मी घरी अधिक सराव सुचवत नाही. अशा वेळी अध्ययन अक्षमतेची रीतसर तपासणी आधी करून घ्यावी.