रमीनोज टेट्राची लाल नाकं फिकी पडली आहेत, कोणतं औषध घालू?

औषध सध्या बाजूलाच राहू द्या. अडीच फुटी टाकी, लावून तीनच आठवडे झालेले, पाच रमीनोज मासे कोपऱ्यात दबून बसलेले आणि नाकं फिकी, असं तुम्ही लिहिलंय. मला आजारापेक्षा पाण्याचा संशय जास्त येतो.

दिवा बंद असताना किंवा दुकानातून आणल्यावर पहिले एक-दोन दिवस या माशाचं नाक फिकं दिसतंच. पण भर दिवसा, दिवा चालू असतानाही रंग परतत नसेल तर अमोनिया आणि नायट्राइट (माशांच्या घाणीतून पाण्यात साठणारी विषारी द्रव्यं) आजच तपासा. दोन्ही शून्य हवेत. नव्या टाकीत घाण पचवणारे जिवाणू तयार व्हायला महिना-दीड महिना लागतो, तोवर अमोनिया साठत राहतो. बाकीचे मासे हे लवकर कळू देत नाहीत, रमीनोजचा रंग मात्र लगेच उतरतो. म्हणूनच मला हा मासा इतका आवडतो!

आकडा शून्याच्या वर आला तर रोज चौथा हिस्सा पाणी बदला. नळाच्या पाण्यात आधी अँटी-क्लोरीन (क्लोरीन घालवणारं द्रावण) घाला. खाणं दिवसाआड, चिमूटभरच. फिल्टरचा स्पंज नळाखाली अजिबात धुऊ नका, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा, नाहीतर तेच जिवाणू मरतील.

पाणी बोअरचं आहे का? हे मासे ब्राझीलच्या रिओ निग्रो आणि कोलंबियाच्या मेटा नदीच्या खोऱ्यांतले. तिथलं पाणी मऊ, आम्लधर्मी, कुजलेल्या पानांनी तपकिरी झालेलं. आपल्याकडे बोअरच्या पाण्यात बहुधा क्षार जास्त आणि पीएच चढा, आणि चढ्या पीएचला तोच अमोनिया जास्त विषारी ठरतो. पाणी बदलताना आरओचं पाणी थोडं थोडं मिसळत जा, एकदम नको. फवारणी न झालेल्या देशी बदामाची (टर्मिनॅलिया कटाप्पा) दोन वाळकी पानं धुऊन टाका. पाणी पिवळसर होईल, ते त्यांना मानवतं. तापमान 24 ते 28 अंश.

पाच मासे कमीच. दहा-बारा झाले की सगळा थवा एका क्षणात वळतो, ते बघत बसावंसं वाटतं. पण अमोनिया-नायट्राइट शून्यावर येऊन दोन आठवडे टिकेपर्यंत एकही नवा मासा आणू नका. एंजल मासा तर नकोच, रमीनोज जेमतेम पाच सेंटिमीटरचा, मोठा एंजल त्याला गिळू शकतो. तळाला कोरिडोरास (तळाशी फिरणारे छोटे मासे) चालतील.

अंगावर बारीक पांढरे ठिपके किंवा तोंडावर पांढरा थर दिसला, तर मात्र तो आजार. तसं असेल तर फोटो टाका, मग औषधाचं बोलू.