लवचीक म्हणजे न तुटणारं नव्हे

प्रश्न असा आला आहे: छापील इलेक्ट्रॉनिक्सवर (म्हणजे वीज वाहणाऱ्या, बहुधा चांदीच्या कणांच्या, शाईने पातळ प्लास्टिकवर छापलेल्या सर्किटांवर) मराठीत सादरीकरण करायचं आहे, तर 'फ्लेक्सिबल'ला लवचीक म्हणावं, स्थितिस्थापक म्हणावं की नम्य? शिवाय लवचिक की लवचीक?

'लवचीक सर्किट, कितीही दुमडा, काही होत नाही' असलं वाक्य बातमीत वाचलं की माझं डोकं फिरतं. लवचीक म्हणजे लवणारं. किती वेळा लवेल याची हमी त्या शब्दाने कधी दिली?

आधी 'नम्य'वाल्यांचं बघू. यांना लवचीक हा शब्द फार घरगुती वाटतो. अहो, दोन्ही एकाच धातूची लेकरं! संस्कृत नम्. त्यातल्या म-चा व झाला, जसं ग्रामचं गाव, नामचं नाव. आरंभीच्या न-चा ल झाला, जसं निंबचं लिंब, नवनीतचं लोणी. झालं 'लवणे'. म्हणजे आपण लवून नमस्कार करतो तेव्हा एकच धातू दोनदा वाकवतो, एकदा मराठीत आणि एकदा संस्कृतात. शेतातली खोलगट जागा ती लवण, कारण तिथे जमीनच लवलेली. (मिठाचं लवण वेगळं.) आणि डोळ्याचं पातं लवतं! दिवसातून हजारो वेळा लवतं, कुठे चीर नाही की घडी नाही. अंगावरची मऊ लव म्हणून लवचीक, असं सांगणारे विद्वान भेटतात. त्यांनी आधी लव आणि लवणे यांतलं नाम कुठलं, क्रियापद कुठलं ते पाहावं. 'लचक'चा शेजार लाभून शेपटाला 'चीक' चिकटलं असावं, हा माझा आपला तर्क.

चांदीच्या शाईला मात्र पात्याचं भाग्य नाही. मागे एक बंद पडलेला कीबोर्ड उघडला. आत दुधी पॉलिएस्टरचे पातळ पत्रे, त्यांवर छापलेल्या रुपेरी रेघा. पत्र्याची पट्टी जिथे जोडणीकडे वळते तिथे कोणीतरी ती दाबून दुमडली होती. प्लास्टिक शाबूत, पण भिंगातून पाहिलं तर रेघेवर आडव्या बारीक चिरा. मल्टिमीटर लावला, प्रवाह गायब.

कारण साधं आहे. वाकवलेल्या पत्र्याच्या बाहेरच्या अंगाला ताण पडतो, म्हणजे ते अंग मूळ लांबीच्या मानाने जेवढं लांबतं, तो जाडी भागिले त्रिज्येची दुप्पट इतका. 0.1 मिलिमीटरचा पत्रा 5 मिलिमीटर त्रिज्येत वाकवला तर 1 टक्का. घडी घालून त्रिज्या अर्ध्या मिलिमीटरवर आणली की सुमारे 10 टक्के. म्हणून वाकवणं वेगळं, दुमडणं वेगळं, ताणणं आणि पिळणं आणखी वेगळं. मराठीत चार क्रियापदं असताना बातमीत एकच का? शाईतले चांदीचे चपटे कण एकमेकांना टेकून असतात; दर वाकवणीत ते जरा जरा सुटत जातात. पहिल्या वेळी काही कळत नाही, हजारदा वाकवल्यावर रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, चढलेला दिसतो. रेघ पत्र्याच्या वर न ठेवता तेवढ्याच जाडीचा दुसरा पत्रा चिकटवून मधोमध आणली, तर ताण जवळपास शून्यावर येतो.

'स्थितिस्थापक' तर इथे सरळ चूक. तर्कसंग्रह या न्यायशास्त्राच्या जुन्या संस्कृत ग्रंथात या गुणाला उदाहरण दिलंय चटईचं: वाकडी केली तरी पुन्हा पहिल्या अवस्थेला येते. कीबोर्डातला पत्रा येतो तसा परत, रेघेचा रोध येत नाही. वारंवार लवूनही जे टिकतं त्याला आपल्याकडे चिवट म्हणतात. तुमची शाई तशी असेल तर लिहा की बिनधास्त, लवचीक आणि चिवट.

हो, ते ऱ्हस्व-दीर्घ राहिलंच. 'ची' दीर्घ. गरीब, वकील, लवचीक.