जात्यावरची ती बाई

प्रिय पोरी,

तुझा निबंध काल रात्री दोनदा वाचला. ‘होमरच्या काव्यात सामान्य माणूस फक्त मरण्यापुरता येतो’ हे काही मला पटलं नाही. तू भाषणं वाचलीस, द्वंद्वयुद्धं वाचलीस. उपमा मात्र ओलांडून गेलीस. ‘इलियड’ या त्याच्या ट्रॉयच्या युद्धावरच्या प्राचीन ग्रीक महाकाव्यात, बाराव्या सर्गात, ग्रीक आणि ट्रोजन अशी दोन्ही सैन्यं बरोबरीने झुंजताहेत, आणि ते सांगताना कवीला आठवते लोकर कातणारी एक बाई. तागडीच्या एका पारड्यात वजन, दुसऱ्यात लोकर. काटा अगदी समतोल धरतेय, पोरांसाठी चार पैसे सुटावेत म्हणून. ट्रॉयशी तिचा काही संबंध नाही. पण ऐकणाऱ्यांनी अशी बाई रोज पाहिलेली, म्हणून ते युद्ध त्यांना तिच्यामुळे कळतं.

थर्सायटीस या साध्या ग्रीक सैनिकाला तू क्रांतिकारक ठरवलंस. घाई करू नकोस. दुसऱ्या सर्गात तो ग्रीकांचा सेनापती राजा आगामेम्नॉन याला सुनावतो, त्यातली एक ओळ ग्रीकांचा महावीर अकिलीस याने पहिल्या सर्गात म्हटलेलीच आहे, शब्दन् शब्द. अकिलीसला तसं बोलायची मुभा खुद्द अथेना देवीने दिलेली. थर्सायटीसच्या पाठीत मात्र ग्रीक राजा ओडिसियसचा राजदंड बसतो. वळ उठतो. तो डोळे पुसत खाली बसतो आणि सैनिक हसतात. थोड्या वेळापूर्वी घरी जायचं म्हणून जहाजांकडे धावलेली हीच माणसं! कवी म्हणतो, मनातून कष्टी असूनही ती हसली. त्या हसण्याबद्दल लिही. समाज म्हणजे काय, ते मला तिथे जितकं दिसलं तितकं राजांच्या सभेत दिसलं नाही.

सुरुवात मात्र होमरच्या दुसऱ्या महाकाव्यापासून, ‘ओडिसी’च्या विसाव्या सर्गापासून कर. ओडिसियसच्या बायकोला मागणी घालणारे पुरुष त्याच्या वाड्यात ठाण मांडून खातपीत बसलेत. स्वतःच्याच घरात भिकाऱ्याच्या वेशात असलेला ओडिसियस देवांचा राजा झ्यूस याच्याकडे शकुन मागतो. निरभ्र आभाळात गडगडतं. वाड्यात 12 बायका दळायला. बाकीच्या आपापलं दळण उरकून झोपल्यात, सगळ्यांत अशक्त असलेली एकटी अजून दळतेय. ती जातं थांबवते आणि म्हणते, देवा, ज्यांच्यासाठी दळून माझे गुडघे मोडले, त्यांचं हे शेवटचं जेवण ठरू दे.

तिला नाव नाही. हे शब्द ऐकून ओडिसियस आनंदतो, त्याला शकुन मिळालेला असतो. पुढच्याच ओळींत दुसऱ्या दासी येऊन चूल पेटवतात. तिचं दळण संपलं की नाही, ते कवी सांगत नाही.